पाण्याचा ठाव

आमच्या घरातील एका लाकडी पेटीत दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. एक आहे शिशाचा गोळा, लांब दोरीला बांधलेला, बुडाशी छोटासा खळगा असलेला. दुसरी आहे पाच इंची पडद्याचा फिशफाइंडर. पहिली वस्तू आमच्या बाबांची, दुसरी आम्हा दोघा भावांची. दोहोंचे काम एकच: पाण्याच्या पोटात काय आहे, हे वर बसलेल्या माणसाला सांगणे. या दोन वस्तूंच्या मधल्या अंतरात आम्ही जे शिकलो, आणि जे शिकण्यासाठी आम्हांला एका संध्याकाळी मोठी भीती मोजावी लागली, ते आज लिहावयाचे आहे.

बाबांचे बालपण वसईच्या पाचूबंदरात गेले. पुढे रेल्वेच्या नोकरीने त्यांना मिरजेत आणले आणि आमचे घर सांगलीचे झाले. समुद्र सुटला, पण त्याची भाषा सुटली नाही. बाबा खोली फुटांत सांगत नसत, वावांत सांगत. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर म्हणजे वाव, सुमारे सहा फूट. शिशाचा गोळा पाण्यात सोडायचा, तो तळाला टेकला की दोरी सैल पडते, मग ती हात पसरून मोजत वर ओढायची. गोळ्याच्या खळग्यात साबणाचा तुकडा चिकटवून ठेवलेला असे. गोळा वर आला की त्या साबणाला काय चिकटले आहे ते बाबा बोटाने चोळून पाहत. वाळू आली तर एक गोष्ट, चिखल आला तर दुसरी, काहीच न येता साबणावर खरचटल्याची खूण आली तर खाली खडक. सुट्टीत आम्हांला कृष्णेच्या घाटावर नेऊन ते हा खेळ खेळून दाखवीत. आम्हांला तो खेळच वाटे.

सांगलीच्या माणसाला नदीची खोली हा खेळाचा विषय नाही, हे आम्हांला कळले तेव्हा आमचे वय झाले होते. येथील माणूस पावसाळ्यात एकच आकडा विचारतो: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे? १९२९ साली वापरात आलेल्या या पुलापाशी चाळीस फुटांवर इशारा समजायचा आणि पंचेचाळीस फुटांवर धोका. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढे गेले. असे पुन्हा आपल्या हयातीत होणार नाही, असे लोक म्हणाले. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. घरात राहिली असती तर पाणी, नावेत बसली तर पाणी. त्या बातमीनंतर आमच्या आईने कित्येक दिवस जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत ब्रह्मनाळचे नाव घेतले.

त्याच वर्षीच्या नाताळात आम्ही एक नाव घेतली. चौदा फूट लांबीची, फायबरची, मागे लहानसे आउटबोर्ड इंजिन. आमच्यातील थोरला नोकरीनिमित्त साताऱ्यात राहतो, धाकटा सांगलीच्या घरात. तेव्हा असे ठरले, की नाव पावसाळ्यात सांगलीत अंगणात बांधून ठेवायची आणि हिवाळ्यात टेम्पोवर घालून वाईजवळच्या धोमच्या जलाशयावर न्यायची. पुरासाठी घेतलेली वस्तू वर्षभर अंगणात पडून राहिली तर ऐनवेळी तिचे इंजिन सुरू होत नाही, आणि चालवणाऱ्याचा हातही सुरू होत नाही. म्हणून ही मासेमारी. निदान घरच्यांना आम्ही तसे सांगितले. खरे कारण बाबांचा शिशाचा गोळा हेच असावे.

नावेबरोबर फिशफाइंडर घ्यावयाचा, हा हट्ट धाकट्याचा. थोरल्याचे म्हणणे असे, की दोन गळ टाकणाऱ्यांना असले यंत्र कशाला हवे? पण घ्यायचेच तर डोळे उघडे ठेवून घ्यावे, म्हणून आम्ही दोघांनी कित्येक रविवार मिस्सेनंतर त्याच चर्चेत घालवले. ज्या वाचकांच्या घरी अशी खरेदी होणार असेल त्यांच्यासाठी त्या चर्चेचे सार येथे देतो.

पहिली गोष्ट पडद्याची. दुकानातल्या सावलीत प्रत्येक पडदा सुंदर दिसतो. तो भर दुपारी, पाण्यावरच्या चकाकीत, डोळ्यांवर हात न धरता वाचता आला पाहिजे. पडद्यावर उभ्या दिशेने जितके ठिपके अधिक, तितका खोलीचा बारकावा अधिक. रंग कमी असले तरी चालतात, ठिपके कमी असले तर तळाला टेकलेला मासा आणि तळ एकच दिसतात.

दुसरी गोष्ट ध्वनीची. फिशफाइंडर पाण्यात डोकावत नाही, तो पाण्याला हाक मारतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. नावेच्या बुडाशी लावलेल्या ट्रान्सड्यूसरमध्ये एक विशिष्ट प्रकारचा स्फटिक असतो. विजेच्या झटक्याने तो थरथरतो, आपल्या कानांना ऐकू न येणारा ध्वनी खाली पाठवतो आणि परत आलेल्या ध्वनीचे पुन्हा विजेत रूपांतर करतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. तीस फूट खोल तळावरून तो परत यायला सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग लागतो. तेवढ्या वेळावरून यंत्र खोली काढते. बाबांची दोरी सैल पडणे आणि हा प्रतिध्वनी, तत्त्व एकच.

हा ध्वनी विजेरीच्या झोतासारखा शंकूच्या आकारात खाली पसरतो. दोनशे किलोहर्ट्झच्या ध्वनीचा शंकू बहुधा अरुंद असतो, सुमारे वीस अंशांचा. त्यात बारकावा चांगला. त्याहून खालच्या कंपनसंख्येचा शंकू साठ अंशांपर्यंत रुंद असू शकतो. त्यात अधिक पाणी येते, पण चित्र ढोबळ. पन्नास किलोहर्ट्झ खोल समुद्रासाठी, आमच्या कामाचा नाही. शाळेतले भूमिती आठवून आम्ही कागदावर हिशेब केला. तीस फूट खोलीवर वीस अंशांचा शंकू तळाचे साडेदहा फूट व्यासाचे वर्तुळ पाहतो, साठ अंशांचा जवळपास पस्तीस फुटांचे. तेव्हा दोन्ही शंकू देणारे यंत्र घ्यावे असे ठरले. त्याच कागदावर आम्ही आणखी एक ओळ लिहिली होती: सहा फूट पाण्यात अरुंद शंकूचे वर्तुळ केवळ दोन फुटांचे, म्हणजे एका परातीएवढे. ती ओळ आम्ही लिहिली आणि विसरलो.

तिसरी गोष्ट, ज्याची गरज नाही त्याचे पैसे न देणे. समुद्राचे नकाशे असलेले यंत्र महाग असते, ते नकाशे धोमच्या पाण्यात काय करायचे? शेकडो फूट खोल जाणारी ताकदही नको. बारा व्होल्टची, इन्व्हर्टरच्या छोट्या भावासारखी सात अँपिअर-तासांची बंद बॅटरी लहान पडद्याला सकाळपासून दुपार उलटेपर्यंत पुरते. ती उंचावर, कोरड्या डब्यात ठेवावी.

चौथी गोष्ट सर्वांत क्षुल्लक वाटते आणि तीच सर्वांना नडते: ट्रान्सड्यूसर लावायचा कोठे? त्याचे तोंड सरळ खाली हवे, तो नाव चालतानाही पाण्याखाली राहिला पाहिजे आणि इंजिनाच्या पंख्याने उठणाऱ्या बुडबुड्यांपासून दूर हवा. ध्वनीला पाणी चालते, हवा चालत नाही. हवेचा पातळसा थरही मध्ये आला तर पडदा आंधळा होतो. आम्ही तो नावेच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून दूर, एका बाजूला बसवला. मागच्या फळीवर. वाचकांनी हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. आम्ही ठेवले नाहीत.

२०२०च्या जानेवारीत धोमच्या पाण्यावर पहिला दिवस उजाडला. जलाशयात मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेकडून परवानगी घेतली होती. आमच्याबरोबर आण्णा आले होते. आण्णा आमच्या गल्लीतले. जातीने भोई, उभे आयुष्य कृष्णेवर नाव चालवण्यात गेलेले, तरुणपणी सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत वल्हे मारलेले. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला आम्ही मोठ्या आदराने मागे, पडद्याजवळ बसवले. ते उठून पुढे, नावेच्या तोंडाशी जाऊन बसले. त्यांच्याजवळ त्यांचा बांबू होता.

यंत्र सुरू झाले आणि पडद्यावर माशांची चित्रेच चित्रे उमटली. छोटे मासे, मोठे मासे, शेपटीसकट. आम्ही हर्षभरित झालो. दोन तास गळ टाकले. एकही मासा लागला नाही. आण्णा मागे वळून म्हणाले, "पोरांनो, ह्यो डबा मासं दावतुया का मासं काढतुया?"

काढतच होता. माशांची ती चित्रे म्हणजे यंत्राचा तर्क. मधल्या पाण्यात काहीही दिसले, मग ती बुडालेली फांदी असो की बुडबुड्यांचा पुंजका, की यंत्र तेथे मासा काढून मोकळे होते. सोय म्हणून दिलेली ही वस्तू आम्ही पहिल्याच दिवशी बंद केली आणि प्रत्येक नव्या माणसाला तेच सांगतो. मग पडद्यावर मासे दिसेनासे झाले आणि खुणा दिसू लागल्या. खऱ्या माशाची खूण कमानीसारखी असते. मासा शंकूच्या कडेला असताना दूर, म्हणून खोल दिसतो, मधोमध आला की जवळचा, पुन्हा कडेला गेला की दूरचा. त्या तीन अंतरांची मिळून कमान होते. प्रतिध्वनी देतो तो मुख्यतः माशाच्या पोटातील हवेची पिशवी. नाव आणि मासा दोन्ही स्थिर असतील तर कमान होत नाही, एक लांबच लांब आडवी रेघ होते. आम्ही त्या रेघेला अर्धा तास भला मोठा मासा समजलो होतो.

तळही वाचायला शिकलो. खडक असला तर रेषा ठसठशीत येते आणि कधी कधी बरोबर दुप्पट खोलीवर तिची पुसट सावली उमटते, कारण ध्वनी तळावरून पृष्ठभागावर आणि पुन्हा तळावर असा दोनदा फिरतो. चिखल असला तर रेषा मवाळ. बाबांच्या साबणाने सांगितले असते तेच. कोणत्या खोलीवर खूण आहे यावरून अंदाजही बांधता येऊ लागला, कारण कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. त्या दिवशी दुपारी आम्हांला पहिला रोहू लागला. पण तो पडद्याने दाखवला नव्हता. आण्णांनी बांबूने एका जागेकडे बोट केले होते. तेथे पाण्यावर बारीक बुडबुडे येत होते आणि दोन पाणकावळे सारखे बुड्या मारीत होते. आम्ही नाव तिकडे वळवली तेव्हा पडद्यावर कमानींची दाटी झाली.

घरी येऊन या यंत्राचा पूर्वेतिहास वाचला तेव्हा आम्हांला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. मासे शोधणारे व्यवहारोपयोगी यंत्र १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी तयार केले, नागासाकी प्रांतात. नागासाकी हे नाव आपल्या घरांत परके नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली तेथेच क्रूसावर हुतात्मा झाले. त्या प्रांतात बोटींवर विजेची कामे करणाऱ्या या भावांपैकी थोरल्याला एका अनुभवी कोळ्याने सांगितले होते, की जेथे मासे असतात तेथे बुडबुडे येतात. बुडबुड्यांवरून ध्वनी परत फिरत असेल तर मासे ऐकता येतील, हा विचार त्यातून निघाला. म्हणजे ज्या डब्याच्या जोरावर आम्ही आण्णांना मागे बसवू पाहत होतो, तो डबा मुळात कोणा आण्णांचेच ऐकून जन्माला आला होता.

दोन हिवाळे असे गेले. पडदा आम्हांला समजू लागला आणि समजू लागल्याचा अभिमानही वाटू लागला. अभिमान दबक्या पावलांनी येतो.

२०२१चा जुलै. सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर तीन दिवस पाऊस ओतला. कोयना आणि कृष्णा कऱ्हाडला भेटतात, खाली सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि मग ते सारे पाणी आमच्या दारी येते. आयर्विनजवळचा आकडा चोपन्न फुटांच्या आसपास गेला. थोरला साताऱ्याहून आदल्या रात्रीच येऊन पोहोचला होता. नाव अंगणातच होती, आता तरंगत होती. आम्ही दोघे आणि आण्णा, असे तिघे दिवसभर गल्लीतली माणसे उंचावरच्या रस्त्याला पोहोचवीत होतो. एका खेपेला चारांहून अधिक माणसे घ्यायची नाहीत, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, हा नियम ब्रह्मनाळची आठवण ठेवून आईने घालून दिला होता आणि तो आम्ही मोडला नाही.

पडद्याचा उपयोग होत होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गढूळ पाण्यात डोळ्यांना वीतभर दिसत नाही, पण ध्वनीला पाण्याचा रंग कळत नाही. रस्ता कोठे आहे, गटार कोठे आहे, पाणी कोठे इंजिन टेकण्याइतके उथळ होते आहे, हे आकडे सांगत होते. दोन-तीन फुटांच्या आत मात्र आकडे वेडेवाकडे होत. तेथे आम्ही इंजिन वर उचलून वल्ह्याने जात असू.

संध्याकाळी शेवटची खेप शेजारच्या काकूंची होती. वय पंच्याहत्तरच्या पुढे, मधुमेह जुना, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन. बर्फाच्या डब्यात औषध घालून तो डबा त्यांच्या पिशवीत दिला होता. थोरल्याने काकूंना मध्ये धरून बसवले. धाकटा इंजिनावर होता आणि त्याचे डोळे पडद्यावर होते. पडदा सात फूट सांगत होता. सात फूट म्हणजे निर्धास्त पाणी. पुढून आण्णांचा आवाज आला, "थांबव! म्हागं घे, म्हागं!"

धाकट्याने पडद्याकडे पुन्हा पाहिले. सात फूट. तो थांबला नाही. थोरला त्याच्या शेजारी होता, त्यालाही सात हा आकडा दिसत होता, तोही काही बोलला नाही. म्हणून आम्ही ही चूक एकाची म्हणत नाही, ती आम्हा दोघांची.

पाण्याखाली चार बोटांवर एका बंगल्याचे लोखंडी फाटक उभे होते, वरच्या बाजूला टोकदार गज. नावेचे तोंड त्यावर चढले. मागचा भाग खाली गेला, पाणी आत आले, काकू घसरून एका कुशीवर पडल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी सुटली. नाव पुरती कलली असती. आण्णांनी बांबू फाटकाच्या बाजूच्या खांबाला लावला आणि छातीने रेटून धरला. सत्तर वर्षांच्या माणसाच्या छातीने. इंजिन बंद झाले. काही क्षण आम्हांला फक्त पावसाचा आवाज आणि काकूंचा जप ऐकू येत होता. मग आण्णा हळू आवाजात म्हणाले, "आता म्हागं घ्या. दमानं."

काकू वाचल्या. पिशवी गेली. त्यांना मदतकेंद्रावर पोहोचवून आम्ही इन्सुलिनसाठी तीन ठिकाणी फिरलो. रात्री साडेनऊच्या पुढे एका डॉक्टरांकडे ते मिळाले. त्या चार तासांत काकूंच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. इन्सुलिन टोचून झाल्यावर त्यांनी धाकट्याचा हात धरला आणि विचारले, "बाळा, तो आण्णा ओरडत होता, ते तुला ऐकू आलं नव्हतं का रे?"

ऐकू आले होते. तेच तर सांगता येत नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही. बंद पडलेल्या दिव्याच्या अंधारात आम्ही दोघे आमचाच जुना कागद आठवत बसलो. सहा फुटांवर दोन फुटांचे वर्तुळ, एका परातीएवढे. सात फुटांवर अडीच. आणि ती परातही कोठे होती? मागच्या फळीखाली. चौदा फुटी नावेच्या अगदी शेवटी. फाटकाचे गज पुढच्या टोकाला लागले तेव्हा यंत्र प्रामाणिकपणे सांगत होते, की तुमच्या मागच्या टोकाखाली सात फूट पाणी आहे. ते खरेच होते. यंत्र खोटे बोलले नाही. आम्ही त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर समजून बसलो.

फिशफाइंडरच्या पडद्यावर अगदी उजव्या कडेला असते ते आत्ताचे. त्याच्या डावीकडे सरकत जाते ते सारे मागचे, आपण ओलांडून आलेले पाणी. सुंदर रंगांत रेखाटलेला हा सगळा पट भूतकाळाचा. पुढे काय आहे याला त्या पडद्यावर जागाच नाही. पुढचे दाखवणारी यंत्रेही आता निघाली आहेत, पण ती महाग आहेत, आणि आमच्या नावेवर ते काम करणारा माणूस आधीच बसलेला होता. त्याच्या हातात बांबू होता आणि तो ओरडत होता.

शुभवर्तमानातील एक सकाळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. रात्रभर जाळे टाकून काही न मिळालेले पेत्र आणि त्याचे सोबती परत येत होते. जन्माचे कोळी, सरोवर हाताच्या रेषांसारखे पाठ. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणा एकाने उजव्या बाजूला जाळे टाकायला सांगितले. तो कोण हे तेव्हा त्यांना कळलेही नव्हते. लहानपणापासून आम्ही त्या कथेतील माशांची संख्या लक्षात ठेवली: एकशे त्रेपन्न. आता आम्हांला त्यातील दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्या दमलेल्या, जाणत्या माणसांनी ऐकले. आम्हांला सर्व ठाऊक आहे, असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि तो त्यांनी वापरला नाही.

पूर ओसरल्यावर धाकट्याने यंत्र विकून टाकू म्हटले. आण्णांनीच नको म्हटले. "डब्याचं काय चुकलं? त्यानं खालचं सांगिटलं. म्होरचं बघायला मी हुतो की." मग आम्ही नावेचे तीन नियम केले आणि ते एका फळीवर रंगवून ठेवले. पुढे बांबू घेऊन माणूस बसल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही. पुढच्याने थांब म्हटले की आधी थांबायचे, मग पडदा पाहायचा. आणि औषधाची पिशवी हातात धरायची नाही, अंगाला बांधायची. तिसरा नियम काकूंनी सुचवला. त्या अजून आहेत आणि आमच्या नावेत बसण्याचे नाव काढीत नाहीत.

आण्णांचे गुडघे आता नावेत बसू देत नाहीत. गेल्या दोन हिवाळ्यांत ते धोमच्या काठावर खुर्ची टाकून बसतात आणि धाकट्याच्या मुलाला बांबू शिकवतात. चिखलाला लागला तर आवाज कसा, दगडाला लागला तर कसा, झाडाच्या फांदीला लागला तर हाताला कसे कळते. मुलगा पडदाही वाचतो, आमच्यापेक्षा लवकर वाचतो. पण परवा त्याने एक गोष्ट केली, जी आम्ही त्याला शिकवली नव्हती. पडद्यावर ठसठशीत रेषा आली, दुप्पट खोलीवर पुसट सावलीही आली. तो म्हणाला, खाली खडक आहे. मग पेटी उघडून त्याने आजोबांचा शिशाचा गोळा काढला, खळग्यात साबणाचा तुकडा दाबला आणि दोरी पाण्यात सोडली. वर ओढताना तो हात पसरून वाव मोजत होता. साबणावर खरचटल्याची खूण होती.

त्याने ती खूण आधी आण्णांना दाखवली, आणि मग आम्हांला.